वरच्या गावची गाठ

अमेरिकेने आपापली ख्रिसमसची झाडं फुटपाथवर आणून टाकली, की आमच्याकडे ख्रिसमस सुरू होतो. आमच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे येशूचा जन्म सात जानेवारीला. त्यामुळे मेट्रोमामाने उभ्या जन्मात झाड म्हणून विकत घेतलेलं नाही. नवीन वर्ष लागलं की तो गाडी काढतो, पंचवीस डिसेंबरवाल्या मेथडिस्ट लोकांच्या गल्लीतून सावकाश फिरतो, आणि मुलगी बघायला आल्यासारखं एकेक झाड न्याहाळून त्यातलं एक उचलून आणतो. कधी त्यावर रुपेरी झिरमिळ्याही राहिलेल्या असतात. देवाने दोन पंचांगं का ठेवली, याचं त्याच्याकडे हे उत्तर आहे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या सहा जानेवारीला झाड लागलं होतं, टेबलाखाली पेंढा अंथरला होता, आणि मामा अंगणात मान वर करून उभा होता. पहिली चांदणी दिसल्याशिवाय पवित्र जेवणाला बसायचं नाही, ही रीत. आमच्या हार्कनेस गावात चांदणी दिसतच नाही, ही अडचण. गावामागचा कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर कित्येक वर्षं आतून जळतोय. खाण बंद पडली, माणसं घरी बसली, धूर तेवढा अजून कामावर येतो. म्हणून पाण्याच्या टाकीवरचा दिवा लागला की मामा चांदणीची हाक देतो आणि सगळे भक्तिभावाने आत जातात.

त्या दिवशी दिवा केव्हाच लागला होता. मामा हाक देत नव्हता. पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांना थोडा वेळ थंडीत उभं करावं अशी त्याची इच्छा होती. पाहुणे खालच्या ब्रेझुल्काचे होते.

ब्रेझुल्का दोन. वरची आणि खालची. दोन्ही तिकडे युरोपात, कार्पेथियन डोंगरात, मध्ये एक ओढा, जो कोंबडीसुद्धा पाय न भिजवता ओलांडेल. मामाने दोन्हींतली एकही पाहिलेली नाही. तो इथे पेनसिल्व्हेनियात, कंपनीच्या चाळीत जन्मला. पण आपण वरच्या ब्रेझुल्काचे, हे त्याला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक होतं, आणि खालचे लोक कसे असतात तेही. खालच्यांनी म्हणे आपलं लाकडी चर्च उतारावरून घसरू नये म्हणून दोरखंडाने ओकच्या झाडाला बांधलं होतं. पुढे पुरात तो ओक मुळासकट उपटला, पण चर्चला बांधलेला होता म्हणून वाहून गेला नाही. ही गोष्ट मामा आपल्या बारमध्ये आठवड्यातून एकदा सांगायचा आणि ऐकणारे आठवड्यातून एकदा हसायचे.

शिवाय तो वरच्या ब्रेझुल्काकरांच्या संत निकोलस बंधुमंडळाचा अध्यक्ष होता. खाणीत माणूस मेला तर त्याची माती नीट व्हावी म्हणून पहिल्या पिढीने काढलेलं हे मंडळ; सभासद फक्त वरचेच. आता खाण नाही, मरणारे आपापल्या पलंगावर मरतात, आणि बैठकीला अध्यक्ष मेट्रो आणि खजिनदार म्हणून त्याचा धाकटा भाऊ ओनुफ्री एवढे दोघेच असतात. उन्हाळ्यात मंडळाला पंचाहत्तर वर्षं होणार होती. त्यासाठी मामानेच भाची मेलानाला सांगितलं होतं की, तू विद्यापीठात शिकतेस, जरा आपल्या लोकांचा इतिहास शोध. ती घरोघर म्हाताऱ्यांकडे गेली. खालच्या ब्रेझुल्काच्या युस्तीना पेत्राशकडे जुन्या रीती विचारायला गेली आणि तिचा नातू घेऊन बाहेर आली. तीन आठवड्यांनी लग्न होतं.

"इतिहास शोध असं सांगितलं होतं मी," मामा गिऱ्हाइकांना सांगायचा. "नवरा शोध असं नव्हतं सांगितलं."

गाडी आली. नेस्टर पेत्राश उतरला, त्याने आजीला हात दिला. युस्तीनाबाईंनी दोन्ही हातांत एक झाकलेलं पातेलं धरलं होतं. यजमानीणबाईंचं सूप बिघडलं तर असावं म्हणून आणलंय, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. मामाने चांदणीची वाट बघतोय म्हटलं. युस्तीनाबाईंनी धुराकडे पाहिलं, मग टाकीकडे.

"लागलाय की दिवा. आमच्याकडेही तोच धरतात."

मामाला हाक द्यावी लागली.

*

आत स्वयंपाकघरात मेट्रोमामाची आई अहाफ्याआजी खसखशीतले बोबाल्की मधात घोळत होती. बोबाल्की म्हणजे सुपारीएवढे भाजलेले पिठाचे गोळे. दुपारपासून तिने ढीग वळला होता. हे तिची मुलगी, म्हणजे मेलानाची आई तेक्ला बघत होती आणि बोलत नव्हती. शेवटी बोलली. लग्नाच्या दिवशी ज्या हातांत गोळे येणार आहेत ते हेच का, असं तिने विचारलं.

आजीने आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं की लग्नाच्या संध्याकाळी तिच्या हातांत गोळे येतील. आमच्यात पाद्रीबुवा लग्न लावतात ते खरं, पण लग्न लागतं ते रात्री हॉलमध्ये. नवरीच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट उतरवतात आणि तिच्या आईकडची सगळ्यांत म्हातारी बाई तिला डोईचा रुमाल बांधते. बांधला की ती बाई झाली. मेलानाने हट्ट धरला होता की रुमाल आजीनेच बांधायचा, आणि पिना लावून नाही, जुन्या पद्धतीने गाठ मारून. एवढ्या एका गोष्टीवर तिचं लग्न अडलं होतं; हॉल, बँड, कोबीचे रोल सगळं ठरलेलं होतं.

तेक्लाने हिशेब मांडला. मेट्रोच्या लग्नात आजीची दाढ दुखली. ओनुफ्रीच्या लग्नात रुमालाची वेळ झाली आणि तिला घरी गॅस सुटल्याचा वास आला, म्हणून ती निघून गेली. तेव्हा घरात कोळशाची शेगडी होती. आणि तेक्लाच्या स्वतःच्या लग्नात ती बेशुद्ध पडली. पडण्याआधी मागे कोणी उभं आहे का ते वळून बघून.

"माझी गाठ गुत्तेवाल्याच्या बायकोने मारली, आई. परक्या बाईने."

आजीने बोबाल्कीवरून नजर उचलली नाही. तिच्याजवळ कारण एकच होतं, आणि इतकी वर्षं दाढ, गॅस आणि बेशुद्धी त्याच्या आड उभी होती. तिने तेक्लाला सांगितलं की पातेलं उचल, जड आहे. मग आठवण झाल्यासारखं म्हणाली की माझे हात दुखतात.

*

मेलानाला मात्र आजीचं दुखणं ओळखीचं होतं. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं की तुमचे लोक नेमके कोण: रशियन, स्लोव्हाक की युक्रेनियन? तिने घरी येऊन विचारलं. मेट्रोमामा म्हणाला रशियन, पण मोठ्याने बोलू नकोस. ओनुफ्रीमामा म्हणाला स्लोव्हाक, कारण त्याच्या बसच्या डेपोत स्लोव्हाक बरेच होते. आई म्हणाली रुसिन असं पुस्तकात असतं. आजी म्हणाली, "आपण आपले." आणि भाषा कोणती बोलतो? "आपली." मेलानाने ते तसंच लिहून दिलं आणि तिला चांगले गुण मिळाले.

मग ती रुमालांच्या मागे लागली. विद्यापीठात एक जुनं चित्र होतं. वरच्या ब्रेझुल्काची बाई गाठ मानेवर मारते. खालच्या गावची बाई टोकं कपाळावर आणून त्यांना पीळ देते आणि डाव्या कानावर खोचते. वरच्या गाठीच्या चित्राची प्रत मामाने चौकटीत घालून बारमध्ये टांगली होती. मेलाना गावातल्या केशकर्तनालयातून थर्माकोलचं एक डोकं मागून आणून घरोघर फिरत होती; म्हाताऱ्यांनी त्याला रुमाल बांधायचा, तिने फोटो काढायचा. डोक्याचं नाव हेलन होतं, ते दुकानातूनच लिहून आलं होतं.

खालच्या घरांतल्या आज्यांनी हेलनला पटापट रुमाल बांधले. वरच्या घरांत अडचण आली. ह्वोज्दाआजीचे हात दुखत होते. कोस्तिशाकआजीला दिसत नव्हतं, पण मेलानाच्या ब्लाउजचं तुटलेलं बटण तिला दाराबाहेरून दिसलं होतं. तिसरीने हेलनकडे पाहून क्रूसाची खूण केली आणि दार लावलं. कोणाच्याही लग्नाचा विषय काढला की कळायचं, आजी त्या संध्याकाळी आजारी होती. मेलानाने यावर बराच विचार केला आणि आपल्या निबंधात लिहिलं की लग्नात नवरीच्या आजीने आजारी पडावं अशी वरच्या ब्रेझुल्काची प्रथा दिसते. बहुधा दृष्ट लागू नये म्हणून.

प्राध्यापकाने समासात 'फार रोचक' असा शेरा मारला होता.

*

टेबलाच्या चारी पायांना साखळी गुंडाळली होती, वर्षभर घरचे एकत्र राहावेत म्हणून. ओनुफ्रीमामाचा पाय दरवर्षी तिच्यात अडकतो आणि तो दरवर्षी पडता पडता वाचतो. त्याच्यापुरती ती साखळी काम करते. आजीने प्रत्येकाच्या कपाळावर मधाचा क्रूस काढला. युस्तीनाबाईंच्या कपाळावर काढताना बोट जरा लांबूनच लावलं. मग सगळ्यांनी बसण्याआधी आपापल्या खुर्चीवर फुंकर मारली. या रात्री गेलेली माणसं घरी येतात, आणि न बघता बसलं तर कोणाच्या तरी मांडीवर बसण्याची भीती असते.

एक खुर्ची आणि एक ताट त्यांच्यासाठी रिकामं होतं. ओनुफ्रीमामाला हेलन कुठे ठेवावी कळेना, कारण कोचावर कोट होते आणि खाली पेंढा होता. त्याने तिला त्या खुर्चीवर ठेवलं. आजीने ते पाहिलं.

"ही कोण मेलीय?"

"कोणी नाही आजी, हेलन आहे," मेलाना म्हणाली.

आजीने सांगितलं की आता बसलीच आहे तर उठवू नका, सणाच्या दिवशी जेवल्याशिवाय कोणाला उठवत नाहीत. तिच्यासमोरही सूप वाढलं गेलं.

सूप दोन होती. दोन्ही आंबवलेल्या कोबीच्या पाण्यातली, दोन्हींत वाळवलेले मश्रूम. युस्तीनाबाईंनी आजीचं चाखून म्हटलं की छान आहे, आजारी माणसालाही चालेल. आजीने त्यांचं चाखून म्हटलं की रंग फार सुरेख आलाय. मामाने चर्च बांधून ठेवल्याची गोष्ट सुरू केली. युस्तीनाबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि आपल्याकडे हीच गोष्ट वरच्यांबद्दल सांगतात असं म्हणाल्या, फक्त त्यात ओकऐवजी गाय आहे. नेस्टर वाटाणे खात होता. त्याला घरून एवढंच सांगून पाठवलं होतं की वाटाणे खा.

युस्तीनाबाई हे सगळं हसून चालवून घेत होत्या आणि अहाफ्याच्या हातांकडे बघत होत्या. त्या हातांना लसूण सोलताना त्रास नव्हता, पाव मोडताना नव्हता. युस्तीनाबाईंना एक जुनी गोष्ट ठाऊक होती. त्यांच्या आईने मरण्याआधी सांगितली होती, आणि त्यांनी आजवर ती कोणाला सांगितली नव्हती; आधी आईने गप्प राहायला सांगितलं म्हणून, आणि नंतर वरच्या लोकांचे विनोद ऐकताना मनातल्या मनात मजा यायची म्हणून. पण आता नातवाचं लग्न होतं. नातसुनेच्या डोक्याला केशकर्तनालयातल्या मुलीने पिना टोचाव्यात, हे त्यांना चालणार नव्हतं. विचारून अहाफ्या कबूल होणार नव्हती. तिची आईही अशीच होती.

बोबाल्की संपत आले तेव्हा त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, विहीणबाईंचे हात दुखतात तर निदान मी पोरीला आमची गाठ दाखवते, बिचारीच्या अभ्यासाला उपयोग. मेलानाने लगेच रुमाल आणला आणि हेलनला ताटासमोरून उचलून टेबलावर ठेवलं.

युस्तीनाबाईंनी रुमालाची तिरकी घडी घातली. डोक्यावर टाकला. टोकं मागे नेली, एकमेकांवरून घेतली, पुढे आणली. मग त्यांची बोटं अडखळू लागली. पीळ द्यायच्या जागी त्यांनी टोक उलट्या बाजूने वळवलं, सोडलं, पुन्हा वळवलं, पुन्हा उलटंच. कपाळावर कापडाचा बोळा झाला. वय झालं, असं त्या म्हणाल्या, आणि अजून एकदा चुकल्या.

आजी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघत होती. पहिल्या चुकीला तिने ओठ आवळले. दुसऱ्या चुकीला खुर्ची पुढे ओढली. तिसऱ्या वेळी टोक पुन्हा उजवीकडून आलं, तेव्हा तिच्याच्याने राहवलं नाही.

"डावं वर घ्यायचं हो. असं काय करताय."

तिने हेलनला आपल्याकडे ओढलं, बोळा उलगडला. टोकं झटक्यात पुढे आली, डाव्यावर उजवं नाही, उजव्यावर डावं, एक पीळ, अर्धा पीळ, अंगठ्याने दाब, आणि टोक डाव्या कानावर खोचलं गेलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं. वर तिने कपाळावरची सुरकुती बोटाने सारखी केली, नवरीची करतात तशी.

मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

बारमधलं चित्र सगळ्यांनी पाहिलं होतं. हेलन खालच्या ब्रेझुल्काची होऊन बसली होती, आणि तिला तसं करणारी बाई वरच्या बंधुमंडळाच्या अध्यक्षाची आई होती.

"तुझ्या आईचीच गाठ," युस्तीनाबाई म्हणाल्या. संध्याकाळपासूनचं 'विहीणबाई' आणि 'तुम्ही' त्यांनी बाजूला ठेवलं होतं. "ती वारली तेव्हा माझ्या आईने तिला असाच रुमाल बांधला. दार लावून घेऊन."

आजीने विचारलं की म्हणजे तुला ठाऊक होतं. युस्तीनाबाई म्हणाल्या की हो. आणि आत्ता मुद्दाम चुकत होतीस? युस्तीनाबाईंनी एक उरलेला बोबाल्को तोंडात टाकला आणि मान डोलावली.

*

मेट्रोमामाला यातून सावरायला वेळ लागला. त्याचं म्हणणं असं पडलं की आई ही गाठ कुठेतरी पाहून शिकली असेल. आजीने नकारार्थी मान हलवली. मग तिने सांगितलं. थोडं मुलांना, थोडं समोरच्या रिकाम्या खुर्चीला.

तिचा बाप इकडे आला तेव्हा खालच्यांचं मंडळ नव्हतं. खाणीत माणूस मेला की कंपनीची गाडी त्याला त्याच्या घराच्या ओट्यावर ठेवून जायची. बायको दार उघडायची तेव्हा कळायचं. शेजारच्या घरी असं झालं तेव्हा बापाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो दारूच्या गुत्त्यात वरच्यांच्या मंडळाकडे गेला. त्यांनी गाव विचारलं. त्याने वरची ब्रेझुल्का सांगितलं.

"एक ओढा तर होता मध्ये," आजी म्हणाली. "तेवढा त्याने पुसला."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की यापुढे चारचौघांत रुमाल बांधायचा नाही. तिला ती एकच गाठ येत होती. अहाफ्यालाही तिने तीच शिकवली, पण दार लावून. काही वर्षांनी छत कोसळलं आणि बाप गेला. मंडळाने शब्द पाळला. पेटी आली, बँड आला, सहा जणांनी खांदा दिला, आणि टेकडीवरच्या दफनभूमीत त्याला वरच्या लोकांच्या रांगेत जागा मिळाली.

"मी पेटीच्या मागे चालत होते. सगळे म्हणत होते, पोर रडत नाही. मला एवढंच वाटत होतं की कोणी त्याला ओळखू नये. तेव्हापासून मी वरची आहे. आणि हॉलभर माणसांसमोर मी ही गाठ मारली तर दुसऱ्या दिवशी लोक माझ्याबद्दल नाही बोलणार. त्याच्याबद्दल बोलतील."

तेक्लाने विचारलं की माझ्या लग्नात तू खरोखर बेशुद्ध पडली होतीस का.

"डोळे मिटले होते नुसते," आजी म्हणाली. "फटीतून बघत होते. त्या बाईने फार घट्ट बांधला तुला. रात्रभर डोकं दुखलं असेल."

"दुखलं," तेक्ला म्हणाली, आणि उठून पाणी आणायला गेली. पाणी टेबलावरच होतं.

दरम्यान अध्यक्ष आणि खजिनदार एकमेकांकडे बघत होते. मामाने हळू आवाजात सांगितलं की मंडळाच्या नियमाप्रमाणे सभासद वरचा नसेल तर त्याने राजीनामा द्यायचा असतो, तर मी देतो. ओनुफ्री म्हणाला की राजीनामा अध्यक्षाकडे द्यावा लागतो. मामा म्हणाला, मग मी माझ्याकडे देतो. ओनुफ्री म्हणाला की तू वरचा नाहीस म्हणजे तू कधी सभासदच नव्हतास, सभासद नव्हतास म्हणजे अध्यक्ष नव्हतास, मग तू घेणार कसा? मामाने विचारलं की मग कोण घेणार? खजिनदार, असं ओनुफ्री म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपणही त्याच आईचे. दोघे अडकले. वरचे नव्हते म्हणून राहता येईना, आणि अध्यक्ष नव्हते म्हणून सोडता येईना. नेस्टरने वाटाण्यांवरून पहिल्यांदाच मान वर करून सुचवलं की बैठक तहकूब करावी. पण ती करायलाही अध्यक्ष लागतो, असं ओनुफ्री म्हणाला.

मेलाना या गोंधळात एकदाही हसली नव्हती. ती बोटांवर काहीतरी मोजत होती, थांबत होती, पुन्हा मोजत होती.

"आजी," ती म्हणाली, "ह्वोज्दाआजीचे हात तुला कसे वाटतात?"

आजी म्हणाली की तिचे हात? ती अजून अंगणातला बर्फ काढते.

"आणि कोस्तिशाकआजीला खरंच दिसत नाही?"

"तिला सोमवारची गोष्ट रविवारी दिसते. का?"

मेलानाने सांगितलं. वरच्या घरांतली एकही आजी हेलनला रुमाल बांधायला तयार झाली नव्हती. सगळ्यांचे हात, सगळ्यांचे डोळे. सगळ्या आपापल्या घरच्या लग्नांत नेमक्या त्याच वेळी आजारी पडल्या होत्या. एकीला चर्चचा दिवा विझवायचा राहिला होता. एकीच्या पोटात मुरडा आला होता, सलग चार मुलींच्या लग्नांत. मेलानाने ती वरच्या गावची प्रथा म्हणून लिहून दिली होती आणि विद्यापीठात ती रोचक ठरली होती.

"ओटे सगळ्यांच्याच घराला होते, आजी. गाडी सगळ्यांकडेच यायची."

आजी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. ह्वोज्दा? मेलानाने मान डोलावली. कोस्तिशाक? तो दारूच्या पहिल्या घोटाला खालच्यांच्या नावाने थुंकायचा, तो? तोच. खांदा देणारे सहा जण? मेलाना म्हणाली की त्यांतल्या पाच जणांच्या घरी तरी आज्या आजारी पडतात. आजीने युस्तीनाबाईंकडे पाहिलं. युस्तीनाबाई छताकडे बघत होत्या.

"मग वरचं कोण?" मामाने विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

गुत्तेवाला, असं युस्तीनाबाई म्हणाल्या. तो आणि त्याची बायको. म्हणून तर हार्कनेसभर लग्नांत गाठ मारायला तीच एक मोकळी असायची.

आजीच्या खांद्यापासून सुरुवात झाली. आधी वाटलं ती रडते आहे. मग तिने टेबलाची कड धरली, तोंडावर हात ठेवला, आणि तिच्या तोंडून शिट्टीसारखा एक आवाज निघाला. बाप वरच्यांच्या रांगेत झोपलाय म्हणून ती आयुष्यभर जपून बोलली होती, आणि ती सगळी रांग ओढ्याच्या खालच्या बाजूची होती. एकमेकांना घाबरून, एकमेकांची थट्टा करत, बँड लावून त्यांनी एकमेकांना पुरलं होतं. तेक्ला परत आली तेव्हा आई हसते आहे का रडते आहे हे तिला कळेना, म्हणून तिने पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून ठेवला. मामा एकटाच हसत नव्हता. इतकी वर्षं सांगितलेला ओकचा विनोद आता आपल्यालाच लागू होतो, हे त्याला हळूहळू उमगत होतं.

हसणं ओसरल्यावर आजीने रुमालाने डोळे पुसले, म्हणजे हेलनच्या रुमालाने, आणि त्याची गाठ सोडली. मेलाना तिच्याजवळ येऊन खाली पेंढ्यात बसली. विचारायचं ते केव्हाचंच विचारून झालं होतं. नुसतं डोकं आजीच्या गुडघ्याशी आणलं.

आजीने ते हलकेच बाजूला सारलं. लग्नाआधी कुमारिकेच्या डोक्याला तो रुमाल लावत नाहीत, एवढं तरी शिकलीस की नाही विद्यापीठात, असं विचारलं. मग म्हणाली की थर्माकोलवर काय, कोणीही बांधेल. ते खरं डोकं नव्हे. केसांवर कापड सरकतं, आणि जिवंत डोक्यावर शेवटचं तिने कधी बांधलं ते तिला आठवत नव्हतं.

युस्तीनाबाईंनी आपल्या डोक्यावरचा फुलाफुलांचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. पांढरे केस एका बारीक वेणीत होते. त्यांनी खुर्ची वळवली आणि पाठ करून बसल्या. तेक्लाने दिवा जवळ सरकवला. आजी उठली, मागे जाऊन उभी राहिली, आणि टोकं पुढे घेतली. युस्तीनाबाई लगेच म्हणाल्या की एवढं खाली नाही, कपाळ दिसलं पाहिजे. आजी म्हणाली की कपाळाचं मी बघते. युस्तीनाबाई म्हणाल्या की पीळ सैल आहे. आजीने पीळ घट्ट केला. युस्तीनाबाईंनी मान वळवून तिसरं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा आजीने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून पुन्हा सरळ केलं.

"हलू नकोस," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी पोरगी तुझ्यापेक्षा शहाण्यासारखी बसेल."